छोट्या लायनीचे डबे

आगगाडीची प्रतिकृती करायला बसलेला माणूस आधी इंजिनाकडे धावतो. साहजिकच आहे. इंजिन धूर सोडते, शिट्टी घालते, रुबाब करते. डबे मात्र हाताला लागतील ते जोडले जातात. मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचे, यंत्रांचे ज्ञान बेताचेच. पण हा छंद जडल्यापासून एक गोष्ट मला पुरती पटली आहे. गाडी कशाच्या जोरावर चालली, हे इंजिन सांगते. ती कोणत्या सालातली आणि तीत कोण बसले होते, हे डबेच सांगतात.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही लाइन उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. पुढे एका अंगाने लातूर, दुसऱ्या अंगाने पंढरपूर आणि १९२७ मध्ये थेट मिरज. नव्या शतकाची पहिली दहा-अकरा वर्षे सरेपर्यंत ती सगळी ब्रॉडगेज झाली. म्हणजे जाऊन पाहावी, तर ती आता जागेवर नाही.

आधी माप. या लायनीच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण धरले, तर ते जवळपास ९ मिलिमीटर होते आणि तेवढ्या मापाचे छोटे रूळ छंदाच्या दुकानांतून तयार मिळतात. याच प्रमाणात ४० फुटांचा डबा १४ सेंटिमीटरांचा होईल.

आता डब्याचा सांगाडा. छोटी लाइन म्हटली की चार चाकांचा, खेळण्यातला वाटावा असा डबा डोळ्यांपुढे येतो. कॅल्थ्रॉपचा विचार वेगळा होता. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम. त्यासाठी त्याने लांब डबे बोगींवर बसवले. आपण डब्यालाच बोगी म्हणतो. खरी बोगी म्हणजे डब्याखाली दोन्ही टोकांना असलेली चार-चार चाकांची जोडणी. वजन असे वाटून गेले की हलक्या रुळांवरूनही मोठा डबा डौलात जातो. तेव्हा या लायनीसाठी डबा निवडताना आधी चाके मोजावीत.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. साल कोणते? इंग्लंडमधल्या फाट्यावरच्या लायनीला मुख्य लायनीवरून उतरलेले जुने डबे मिळत. इथे तशी सोय नव्हती, कारण रुंद लायनीचा डबा या रुळांवर बसणारच नाही. म्हणून डबे दुरुस्त होत, रंगत आणि पुन्हा धावत. अंग जुनेच राहायचे, अंगावरची अक्षरे बदलायची. साल ओळखायचे ते या अक्षरांवरून.

१९५४ पूर्वीची गाडी असेल, तर डब्यावर कंपनीचे नाव हवे. त्या वर्षी सरकारने ही लाइन ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. १९६६ मध्ये सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये परत आला. वर्गांचेही तसेच. रेल्वेतला इंटर क्लास १९५५ मध्ये गेला, तिसरा वर्ग १९७४ मध्ये. देशभरातले मरून डबे १९९० च्या दशकात निळे होऊ लागले. समजा, तुम्हाला १९७० सालची गाडी करायची आहे. मग डब्यावर दक्षिण मध्य रेल्वे हवी आणि तिसऱ्या वर्गाची खूणही हवी. तोच डबा निळा रंगवला, तर गझलेत एक मात्रा वाढल्यासारखे होते. सगळ्यांना ते कळत नाही. ज्याला कळते, त्याला पुढचे ऐकवत नाही.

रंगावरून साल कसे कळते, याचा नमुना याच कॅल्थ्रॉपच्या दुसऱ्या लायनीत सापडतो. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. तिचे डबे फिकट पिवळे. १९२३ मध्ये ती मोठ्या कंपनीत गेली आणि पुढे डबे गडद लाल झाले. १९३४ मध्ये लाइनच बंद पडली. म्हणजे पिवळा डबा आणि लाल डबा ही त्या एकाच गाडीची दोन वये.

आणि आषाढीची गाडी करायची असेल तर? जत्रांच्या काळात यात्रेकरूंसाठी मालडबे जोडण्याची रीत आपल्या रेल्वेत कितीतरी वर्षे होती. त्याबद्दल तक्रारीही पुष्कळ झाल्या. पंढरीची जुनी गाडी दाखवताना देखणे, खिडक्यांचे डबेच तेवढे ओळीने लावले, तर दाराशी दाटीने उभी असलेली ती माणसे आपण दुसऱ्यांदा खाली उतरवली, असे होईल. मला छंदातली खरी जोखीम इथे वाटते. इंजिन चुकले तर जाणकार हसतील. डबा चुकला तर माणसे पुसली जातील.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक काम करावे. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या भागांत या गाडीने प्रवास केलेली माणसे आजही आहेत. कुर्डुवाडीच्या कारखान्यात हे डबे ज्यांच्या हातांखालून गेले, त्यांची घरेही तिथेच आहेत. त्यांना बाके कशी होती ते विचारावे, दार कोणत्या बाजूला उघडायचे ते विचारावे, घरातला एखादा जुना फोटो मागावा. ऐकलेले वहीत उतरवून घ्यावे. मग एक साल पक्के करावे आणि तयार झालेल्या प्रत्येक डब्याच्या तळाशी ते बारीक अक्षरांत लिहून ठेवावे. उद्या नातवंडांपैकी कुणी डबा उलटा करून पाहिला, तर त्याला तिथे उत्तर मिळाले पाहिजे.