रिकाम्या पुडीचा मालक कोण?

मंडईत महापालिकेचं पथक शिरलं की पहिली धावपळ भाजीवाल्यांची होते. हातगाडीवरचा पातळ पिशव्यांचा गठ्ठा पोत्याखाली जातो, तरी कुणीतरी सापडतं आणि पाच हजारांची पावती फाटते. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे प्लास्टिकचा कायदा म्हणजे पिशवीबंदी आणि तो मोडणारा म्हणजे हातगाडीवाला, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. मला हा गैरसमज सगळ्यांत घातक वाटतो. कायद्याने सर्वांत मोठी जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

पिशवीचं आधी सांगून टाकते. ‘जाड पिशवी चालते’ असं दुकानदार म्हणतो, ते देशाच्या नियमापुरतं खरं आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने मात्र २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली, मग जाडी कितीही असो. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपयांसह तीन महिन्यांची कैद.

आता घरातला सुक्या कचऱ्याचा डबा उपडा करून पाहा. त्यात कॅरीबॅगा थोड्याच निघतील. शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, तेलाच्या बाटल्या, बिस्किटांची वेष्टनं यांचाच ढीग होईल. या वेष्टनांचं पुढे काय करायचं याची जबाबदारी २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ती बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि त्यांत माल भरून विकणाऱ्या कंपन्यांवर टाकली. याला ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतात. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बाजारात आणलेल्या वेष्टनांच्या वजनाच्या प्रमाणात तिला आकडे दिले. २०२१-२२ मध्ये २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्के. वेष्टनांचे प्रकारही ठरले: कडक प्लास्टिक, लवचीक प्लास्टिक, बहुपदरी प्लास्टिक आणि कंपोस्ट होणारं प्लास्टिक.

‘मग कंपन्या आपली पाकिटं परत का नेत नाहीत?’ हा प्रश्न मी खूपदा ऐकते. कायदा तेच पाकीट परत न्यायला सांगत नाही. जितकं वजन बाजारात गेलं, तितक्याच वजनाच्या त्याच प्रकारच्या प्लास्टिकची विल्हेवाट लागली, याची प्रमाणपत्रं कंपनीने दाखवायची. ती पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांकडून मिळतात आणि त्यांची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. वजन कागदावर मोजलं जात असल्याने कागद खोटा निघाला की सगळंच कोसळतं. २०२३ मध्ये मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं उघड झाली होती.

‘उद्दिष्ट हुकलं तर कंपनी भरपाई भरते आणि सुटते’ हेही खरं नाही. भरपाई भरली तरी राहिलेलं उद्दिष्ट तीन वर्षांपर्यंत मानगुटीवर राहतं. उशिरा का होईना ते पूर्ण केलं, तर भरपाईतला काही भाग परत मिळतो. पहिल्या वर्षात ७५ टक्के, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ४०.

बाटलीच्या तळाचा बाणांचा त्रिकोण आणि त्यातला आकडा पाहून ‘हे रिसायकल होतं’ असं आपण समजतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने काढली आणि ती फक्त प्लास्टिकची जात सांगते. पाण्याच्या बाटलीचा १, सातवा क्रमांक ‘इतर’. बाणांमुळे लोकांची दिशाभूल होते म्हणून २०१३ मध्ये तिथल्या मानक संस्थेने बाण काढून साधा त्रिकोण ठेवला. आपल्याकडच्या बाटल्यांवर बाण अजून दिसतात.

खरी अडचण बहुपदरी पाकिटाची आहे. वेफर कुरकुरीत राहावेत म्हणून प्लास्टिकच्या थरांना धातूचा अतिशय पातळ मुलामा देतात. हे पदर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. असा माल बऱ्याचदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. जाळणं म्हणजे पुनर्प्रक्रिया नव्हे, हे नियमही मानतात. म्हणून बहुपदरी प्लास्टिकसाठी २०२४-२५ मध्ये किमान ३० टक्के आणि २०२७-२८ पासून ६० टक्के पुनर्प्रक्रिया झालीच पाहिजे, अशी वेगळी अट आहे. कडक प्लास्टिकसाठी हेच आकडे ५० आणि ८०. या अटीवर माझा विशेष भर आहे, कारण ती पाळायची तर कंपन्यांना वेष्टनाची घडणच बदलावी लागेल.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी कुंडीत पुरली की विरघळते, हाही गैरसमजच. तिला मोठ्या खतप्रकल्पातली साठेक अंशांची उष्णता लागते. ती साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो मालही बिघडतो.

आता हा कचरा वेगळा करणाऱ्यांकडे पाहू. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून कचरावेचकांना घेऊन काम करतात. हे कचरावेचक दारोदार जाऊन सुका कचरा उचलतात आणि हाताने निवडतात. बाटलीला भंगारात भाव मिळतो, पाकिटाला मिळत नाही. प्रमाणपत्र कारखान्याच्या नावे निघतं, ते कंपनी विकत घेते. ते पाकीट ज्या हातांनी कचऱ्यातून वेगळं केलं, त्यांना किलोमागे किती द्यायचं, याचा दर या नियमांत लिहिलेला नाही.