सुधारणेनंतर संगणक मंद का होतो?

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी ग्रामपंचायतीचा संगणक सुरू होण्यास विलंब झाला, की दाखल्यासाठी आलेल्या शेतमजुराची मजुरी बुडते. ‘विंडोज’ प्रणालीत नवी सुधारणा बसविल्यावर असा विलंब अनेकदा होतो. तो बहुधा बिघाड नव्हे. उरलेली जुळवाजुळव व विषाणूरोधक तपासणी पडद्याआड चालू असते. अशा वेळी अधीर होऊन वीजपुरवठा तोडणे, हाच खरा धोका. कार्यालयीन वेळेनंतर संगणक एखादा तास चालू ठेवणे इष्ट. तरीही मंदपणा टिकला, तर ‘टास्क मॅनेजर’मधील ‘स्टार्टअप’ यादीतून आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. ‘सी’ कप्प्यातील मोकळी जागाही पाहावी. मोठ्या सुधारणेनंतर जुनी प्रणाली तेथेच जागा अडवून बसते. ती पुसण्याची मात्र घाई नको. साधारणतः १० दिवसांच्या मुदतीत तिच्याकडे परतता येते.