जुन्या गाडीचा रेडिएटर बदलताना

प्रीमियर पद्मिनीच्या काळातील गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. तांबे ॲल्युमिनियमच्या सुमारे 1.7 पट उष्णतावाहक असते. तरीही ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागे पडत नाही, कारण त्यातील रुंद, चपट्या नळ्यांना पत्र्यांचा स्पर्श जास्त मिळतो. वजनही घटते. मात्र साधे नळाचे पाणी त्याला कुरतडते. गंजरोधक कूलंट हवेच.

मूळ रेडिएटरच्या टाक्या शाबूत असतील, तर फक्त आतली जाळी नवी बसवून घेणे सर्वांत चांगले. गाडीचे रूप टिकते, गळती झाल्यास डाख देता येतो. जाड जाळी घेताना पंख्यापर्यंतचे अंतर आधी मोजावे. झाकण मूळ दाबाचेच असावे. जास्त दाबाने जुने होज फुटतात.