कोणती वही आधी उघडावी?

एखाद्या शाळेच्या कचेरीत तीन वह्या आहेत अशी कल्पना करा. जनरल रजिस्टरात १,२०० विद्यार्थ्यांची नावे. गुणांच्या वहीत प्रत्येकाच्या ६० नोंदी, म्हणजे एकूण ७२,०००. आणि शिष्यवृत्तीच्या यादीत अवघी १५ नावे. या पंधरा जणांचे गुण हवे आहेत. शहाणा कारकून प्रथम यादी उचलील आणि तेवढ्या ९०० नोंदी काढील. दुसरा एखादा आधी सर्व ७२,००० नोंदींपुढे नावे लिहीत बसेल व मग ७१,१०० खोडील. उत्तर दोघांचेही एकच. परंतु रोजगार बुडवून खिडकीशी उभ्या असलेल्या पालकाला त्यांतील फरक कळल्यावाचून राहत नाही.

संगणकातील डेटाबेसपुढे हाच प्रश्न असतो. कोणती टेबले कोणत्या क्रमाने जोडावीत हे ठरविणाऱ्या भागास प्लॅनर म्हणतात. खर्चाचा अंदाज बांधून क्रम निवडण्याची पद्धती आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. अडचण अशी की, आठ टेबले एकामागून एक जोडण्याचे क्रम ४०,३२० होतात आणि बारा टेबलांचे ४७,९०,०१,६००!

म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसात काही मर्यादा घातलेल्या आहेत. ‘जॉइन कोलॅप्स लिमिट’ मुळात ८ असते. जोडण्या त्यापुढे गेल्या की प्लॅनर सर्वांची एकत्र फेरमांडणी करीत नाही. हा आकडा १ केला, तर जोडणी लिहिल्या क्रमानेच होते. तो वाढविल्यास अधिक चांगला क्रम सापडू शकतो. मात्र शोधण्यातच वेळ खर्च होतो. ‘रँडम पेज कॉस्ट’चा मूळ आकडा ४ आहे. सलग वाचनाचा खर्च १ धरून तो ठरविलेला असल्यामुळे, फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीवर पुष्कळ जण तो १.१ पर्यंत उतरवितात.

तथापि हे आकडे फिरविण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. यादीत एकाएकी ९०० नावे भरली गेली आणि प्लॅनरजवळची मोजणी १५ वरच राहिली, तर तो एकेका नावासाठी गुणांची वही पुनःपुन्हा उघडीत बसतो. हजेरी न घेता वर्गाचा पट सांगावा, तसलाच हा प्रकार! ही मोजणी एरवी आपोआप ताजी होते, पण एकदम मोठी भरती झाल्यास मागे पडू शकते. ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ ही आज्ञा दिली की अंदाजाच्या ओळी व प्रत्यक्षातील ओळी एकत्र दिसतात. तेथे १५ आणि ९०० असे आढळले, तर आधी नुसते ‘ॲनालाइझ’ चालवून मोजणी ताजी करावी, आणि मग पुन्हा घड्याळ लावून पाहावे.