बर्फ इथंही पडतो, पण गारांचा

अमेरिकेत उबदार सरोवरांवरून थंड वारं गेलं की काठावर फूट-फूट हिम साचतं आणि हौशी मंडळी ते पाहायला धावतात. जालन्यात बर्फ येतो तो गारांचा. ११ फेब्रुवारी २०१८ला जिल्ह्यात अशीच गारपीट झाली. समुद्राकडून आलेली दमट हवा तापून वर उसळते, वरच्या थंडीत थेंब गोठतात आणि गार थरांनी वाढत जाते. मोठी गार मधोमध कापून बघा: कांद्यासारखी वलयं, एक दुधी, एक काचेसारखं. पण हे कौतुक नंतरचं. आधी गारांनी झोडपली जाणारी कडवंची गावची द्राक्षं, मोसंबीच्या बागा आठवतात. ढगांचा गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका, पक्कं छप्पर गाठा.