मुष्टियुद्ध शिकल्याने स्वतःचे रक्षण होते काय?



कॉलेजसाठी शहरात राहणारा मुलगा तेथील व्यायामशाळेत मुष्टियुद्ध शिकू लागतो. मुलगीही शिकते म्हणते. घरच्यांना प्रश्न पडतो : वेळप्रसंगी याचा उपयोग होईल, की हे नुसते मारामारीचे वेड? रात्री पाण्याच्या पाळीला जावे लागते, बाजाराहून एकटे परतावे लागते, बांधावरून कुरबुरी होतात. म्हणून हा प्रश्न पोकळ नाही. आमचे उत्तर असे : उपयोग होतो, पण तो ठोशापेक्षा पायांचा व डोक्याचा अधिक.

खेळ वेगळा, झगडा वेगळा

आजचे मुष्टियुद्ध ज्या नियमांवर उभे आहे ते क्वीन्सबेरी नियम इंग्लंडात १८६७ साली प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातात मोजे, कुस्तीला मनाई, पडलेल्याला उठण्यास दहा सेकंद. पुढे वजनाचे गट आले. कमरेखाली मारता येत नाही आणि मध्ये पंच उभा असतो.

रस्त्यावर यातले काहीच नसते. समोरचा दुप्पट वजनाचा असेल, एकाऐवजी तिघे असतील, हातात काठी किंवा विळा असेल. मुख्य म्हणजे तो सांगून येत नाही. मणिपूरच्या शेतकरी घरातील मेरी कोम सहा वेळा जगज्जेत्या झाल्या. २०१६ साली आपल्या मुलांना लिहिलेल्या जाहीर पत्रात त्यांनी तरुणपणीची एक हकिकत सांगितली आहे. सकाळी सायकलरिक्षातून सरावाला जाताना एका अनोळखी माणसाने अचानक त्यांच्या अंगाला हात घातला. त्या चप्पल हातात घेऊन त्याच्यामागे धावल्या, पण तो निसटला. पुढे जगज्जेती होणाऱ्या मुलीलाही ठोसा मारायला संधी मिळाली नाही. खरा हल्ला असा क्षणात होतो.

शिकल्याने काय मिळते?

पहिली गोष्ट पायांची. समोरच्याचा हात कोठवर पोहोचतो हे ओळखून अर्धे पाऊल मागे वा बाजूला सरणे, हे मुष्टियुद्धातील खरे शिक्षण. दुसरी गोष्ट डोळ्यांची. न शिकलेला माणूस ठोसा येताच डोळे मिटतो; शिकलेला हनुवटी खाली व हात वर ठेवून पाहत राहतो. तिसरी गोष्ट दमाची, आणि चौथी भीतीची. सरावात थोडा मार खाल्लेला माणूस पहिल्या धक्क्याने गोंधळत नाही. मात्र हे जोडीदाराबरोबर सराव केला तरच मिळते. नुसत्या पोत्यावर ठोसे मारून मिळत नाही, कारण पोते उलटून मारत नाही.

काय मिळत नाही?

कोणी कवळ घालून खाली पाडले तर मुष्टियुद्ध अपुरे पडते. तेथे आखाड्यात मुरलेला मल्ल अधिक सावध असतो. कोयता वा सुरी समोर आली तर मुठीचा भरवसा धरूच नये. पाकीट मागितले तर देऊन टाकावे. पैसे पुन्हा मिळवता येतात.

मूठ आणि डोके जपा

खेळाडू हाताला पट्टी गुंडाळतो आणि वर १० ते १२ औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ते ३४० ग्रॅमचे मोजे घालतो. उघड्या मुठीला हे कवच नसते. कवटीवर ठोसा बसला की करंगळीच्या मागचे तळहातातील हाड मोडते. डॉक्टर त्याला ‘बॉक्सरचा अस्थिभंग’ म्हणतात, पण तो बहुधा ठोसा मारायला न शिकलेल्याला होतो. मग काही आठवडे ना धार काढता येते ना खुरपे धरता येते. ठोसा दातावर बसून बोटाच्या सांध्यावर कातडी फाटली तर जखम लहान समजू नये. तोंडातील जंतू सांध्यात शिरून हात निकामी होऊ शकतो. साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

डोक्याचा मार त्याहून वाईट. एका ठोशाने माणूस पडतो, डोके दगडावर आपटते आणि जीव जातो. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे वा वाढती डोकेदुखी दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. सरावातही मुलाला गरगरले तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा उतरू देऊ नये.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची आहेत. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क सांगता येत नाही. पळणाऱ्याला गाठून मारणे किंवा काल बांध कोरला म्हणून आज ठोसे लगावणे हे रक्षण नव्हे, गुन्हा होय.

मग करावे काय?

मुलांना व मुलींना चांगल्या शिक्षकाकडे जरूर पाठवा. निजामाबादच्या निखत झरीनने २०२२ आणि २०२३ साली जगज्जेतेपद मिळवले. खेळ म्हणून यात मोठी वाट आहे. पण घरी त्यांना हेही शिकवा : उघडे तळहात पुढे धरून मागे सरा, मोठ्याने ओरडा, उजेडाकडे व माणसांकडे जा, ११२ क्रमांक फिरवा. वाटच अडली तर एखादा ठोसा मारून वाट काढा आणि निघा, थांबू नका. रात्री पाण्याला जाताना विजेरी व सोबती घ्या.

संध्याकाळी माणूस धडधाकट घरी परतला, की रक्षण झाले असे आम्ही समजतो. कोण जिंकले हे विचारण्याचे कारण नाही.