गॅसच्या गीझरचे गरम पाणी हळू का येते?



आपल्या न्हाणीघरात पूर्वी तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात गोवऱ्या आणि ढलप्या घालायच्या, भोवतीचे पाणी तापले की बादलीत काढून घ्यायचे. आता पुष्कळ घरांत, आणि खेड्यांतही, त्या जागी भिंतीवर गॅसचा गीझर आला आहे. बंब धुराने डोळे चोळायला लावी, पण त्याची तक्रार फारशी कुणी करीत नसे. गीझरची मात्र थंडी पडली की घरोघर एकच तक्रार ऐकू येते: "पाणी फार हळू येतं हो, आणि आलं तर कोमट!" मग मिस्तरीला निरोप जातो, नाहीतर घरातलाच कुणी पाना घेऊन पुढे सरसावतो. पाना हातात घेण्यापूर्वी या यंत्राच्या पोटात काय चालते, ते आज पाहू.

बंबात पाणी आधी तापून तयार असते. गीझरमध्ये ते साठत नाही. वाहता वाहताच तापते. नळ उघडला की पाण्याचा दाब आतल्या एका रबरी पडद्यावर पडतो. पडदा फुगतो, एक दांडी सरकते, आणि त्या दांडीने गॅसची झडप उघडते. त्याच वेळी सेलवर चालणारी ठिणगी पडते आणि ज्वाळा पेटते. वर तांब्याच्या पातळ पत्र्यांतून वेटोळी घातलेली नळी असते. तिच्यातून जाता जाता पाणी तापते. म्हणजे पाहा, या यंत्रात आगीची किल्ली पाण्याच्या हाती आहे. पाण्यात जोर नसेल तर गॅस कितीही भरलेला असो, ज्वाळा पेटायचीच नाही.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा. पाण्याची टाकी नळापासून किती उंच आहे? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटर इतका असतो. टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असेल आणि न्हाणीघर लगेच खालच्या मजल्यावर असेल, तर उंची जेमतेम दोन मीटर भरते. एवढ्या दाबावर काही गीझर पेटतात, काही पेटतच नाहीत. किती दाब लागतो, ते यंत्राच्या पाटीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. अशा घरात गीझरला दोष देण्यात अर्थ नाही. टाकीखाली कट्टा बांधून ती उंच करावी, हा त्यावरचा साधा उपाय.

टाकी उंच असूनही पाणी बारीक येत असेल, तर शेजारचा थंड पाण्याचा नळ उघडून पाहावा. तोही बारीक असेल तर दोष टाकीत किंवा नळात आहे. तो धो धो वाहतो आणि गरमच तेवढे बारीक येते, असे असेल तर गीझरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तपासावी. पावसाळ्यानंतर टाकीच्या तळचा गाळ नेमका तिथे येऊन बसतो. गॅस आणि पाणी दोन्ही कॉक बंद करून ती जाळी काढावी, जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी आणि परत बसवावी. शॉवरची चाळणीही अशीच तुंबते. निम्म्या तक्रारी या साफसफाईनेच मिटाव्यात.

दुसरा प्रश्न लांबीचा. गीझर स्वयंपाकघराच्या बाहेर आणि न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. अर्धा इंची नळात मीटरमागे सुमारे एक अष्टमांश लिटर पाणी मावते. नळ दहा मीटर लांब असेल तर सव्वा लिटर थंड पाणी आधी बाहेर पडले पाहिजे. मिनिटाला अडीच लिटर या वेगाने त्याला अर्धे मिनिट लागते. शिवाय नळ स्वतः तापायला थोडा वेळ हवा. हा बिघाड नव्हे. ते पाणी बादलीत धरून धुण्याभांड्याला वापरावे, म्हणजे झाले.

तिसरा प्रश्न उष्णतेच्या हिशोबाचा. इथे शिक्षक बंधुभगिनींना वर्गासाठी एक चांगले उदाहरण सापडेल. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. घरगुती गीझर 'सहा लिटरचा' म्हणतात, म्हणजे तो मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण 25 अंशांनी तापवतो. सहा गुणिले पंचवीस, मिनिटाला 150 किलोकॅलरी. ही त्याची ऐपत. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी 28 अंशांवर असते, ते 53 वर जाते, हात पोळतो. जानेवारीत नाशिककडे तेच पाणी पहाटे 15 अंशांवर असले तर 40 वरच थांबते. यंत्र तेच, ज्वाळा तीच. एकाच चुलीवर तांब्याभर पाणी ठेवा नाहीतर हंडाभर ठेवा, तसेच हे. म्हणून थंडीत नळ थोडा आवळावा. मिनिटाला तीनच लिटर पाणी घेतले तर तेवढीच उष्णता त्याला 50 अंशांनी चढवील. मात्र फार आवळला तर तो रबरी पडदा सैल पडतो आणि ज्वाळा विझते. या दोहोंच्या मधली जागा आपल्या नळावर शोधून ठेवावी.

आता परीक्षा घ्या. गॅसची कळ पूर्ण उघडी ठेवून 15 लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहा. थंड आणि गरम पाण्याचे तापमान मोजा. समजा पाच मिनिटे लागली आणि पाणी 20 वरून 45 वर गेले. म्हणजे मिनिटाला तीन लिटर, 25 अंश, एकूण 75 किलोकॅलरी. ऐपत 150 ची आणि काम 75 चे! आता मात्र यंत्राच्या पोटात काहीतरी अडले आहे असे समजावे.

काय अडले असेल? बोअरचे पाणी असेल तर बहुधा क्षार. मराठवाड्यात आणि विदर्भात बोअरचे पाणी तापवलेल्या पातेल्याच्या तळाशी पांढरा पापुद्रा धरतो, तो आपण पाहतोच. तोच पापुद्रा तांब्याच्या नळीत आतून बसतो. त्याने वाट अरुंद होते आणि उष्णताही पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. पाणी हळू आणि कोमट, दोन्ही दुखणी एकदम. हे क्षार सौम्य आम्लाने धुवावे लागतात, आणि ते काम जाणत्या कारागिराचे.

पाणी जोरात येते, पण ठिणगीची टकटक ऐकू येत नाही, असे असेल तर सेल बदलावेत. टकटक आहे, ज्वाळा नाही, तर सिलिंडर संपत आला आहे का ते पाहावे. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधला द्रव गॅस सावकाश वाफ होतो, त्यामुळेही ज्वाळा मंदावते. पण सिलिंडर शेकणे किंवा आडवा करणे, हे कधीही करू नये. आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो, आणि तो ज्वाळेपर्यंत पोचला तर भडका उडतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी हळू येते म्हणून माणूस न्हाणीघरात जास्त वेळ थांबतो. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घेतो, झरोक्यात कापड कोंबतो. आणि गीझर त्याच न्हाणीघरात असेल तर इथेच घात होतो. ज्वाळा खोलीतला प्राणवायू खाते. तो कमी पडला, की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पाय गळतात. दाराची कडी काढायचेही भान राहत नाही. धडधाकट तरुण माणसे अशी गेली आहेत, आणि घरच्यांना बाहेर नुसता पाणी पडल्याचा आवाज येत होता.

म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त पाण्याचा नळ न्यावा. आज तो आतच असेल, तर बाहेर हलवेपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीला बसावे. ज्वाळा निळी असली पाहिजे. ती पिवळी दिसली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर त्याच दिवसापासून गीझर बंद ठेवून कारागिराला बोलवावे. पुष्कळ यंत्रे वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय आपल्या रक्षणासाठी आहे, तिला चकवू नये.

आत गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर दार तोडावे, गॅस बंद करावा, त्याला उघड्या हवेत आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गॅसचा वास आला तर विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये. दारेखिडक्या उघडून, बाहेर येऊन 1906 क्रमांकावर कळवावे.

थोडक्यात सांगायचे, तर टाकी, जाळी, नळ आणि सेल आपण पाहावेत. क्षार, झडप आणि ज्वाळा कारागिरावर सोपवावी. आणि झरोका कोणत्याही थंडीत बुजवू नये. पाणी चार मिनिटे उशिरा आले तर काही बिघडत नाही. हवा मात्र क्षणभरही अडता कामा नये.